पहिल्या सीझनचं कार्ड

दमलो बाबा. आता कोणी कार्डांचं नाव काढलं तरी मला खाली बसावंसं वाटतं.

मी परभणीत राहतो आणि पेडगावच्या एका विनाअनुदानित शाळेत कारकुनी करतो. पेन्शन नाही. घर चालतं ते बायकोच्या मेसवर. कॉलेजच्या पोरांचे डबे असतात तिच्याकडे. दिवस उजाडायच्या आत परात पुढ्यात, ती संध्याकाळी पोरं जेवून गेली की बाजूला. गुडघ्यांनी ती पार बेजार झाली आहे. उठताना भिंत धरते आणि मी बघतोय असं दिसलं की सोडते.

आणि मी काय करतो? मी क्रिकेटची कार्डं जमवतो. हसा. सगळेच हसले. पाकिटं कुरियरनं येतात, आत खेळाडूंचे फोटो छापलेली जाड कागदाची कार्डं असतात. त्यात खरं मोल खेळाडूच्या पहिल्या सीझनच्या कार्डाला. तेव्हा त्या पोराला कुत्रं विचारत नसतं. पुढं तो मोठा झाला की तेच कार्ड शोधत लोक फिरतात. अमेरिकेत बेसबॉलच्या अशा कार्डांवर माणसांनी घरं बांधली, असं मी कधीतरी मोबाइलवर वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. एफडी अडीनडीला मोडावी लागते, सोन्याला बायको हात लावू देत नाही. कार्ड बिचारं पेटीत पडून वाढतं, असा आपला विचार.

शाळेत मास्तर लोक रोज विचारायचे, ‘‘काय बाबू, आज कोण निघालं पाकिटात?’’ त्यांचं एक सोडा, पण बायको तोंडावर बोलायची.

‘‘बारक्या पोरावानी फोटो काय जमवायलाव? लाज वाटती मला.’’

मी म्हणायचो, ‘‘थांब जरा. ही विकली की तुझी मेस बंद. परत पिठात हात घालायचा नाही.’’

‘‘हो, हो. तवर मीच बंद पडते.’’

वर्षानुवर्षं हेच. मी पण चिडायचो, पण तिच्याशी भांडायला तोंड कुठं होतं मला? खात तर तिच्याच हातचं होतो.

मग माझ्याकडच्या एका कार्डावरचा पोरगा भारताच्या टीममध्ये गेला आणि विकेटांवर विकेटा काढत सुटला. मेसमधली पोरं आमच्या टीव्हीवर मॅच बघत होती. त्यांना मी पेटीतून ते कार्ड काढून दाखवलं, तर जेवण सोडून उठली की! ‘‘काकू, हे तर पहिल्या सीझनचं हाय! काकांनी लॉटरीच धरून ठेवली!’’ बायको दारात भाजीचं भांडं घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू या माणसाला अक्कल असू शकते हे तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कळत असावं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मी फोटो पाठवला. त्यानं सांगितलेली किंमत ऐकून मी परत विचारलं, ‘‘किती?’’ गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर मेसला कुलूप लावता येईल एवढी होती. फक्त चारी कोपरे व्हिडिओवर जवळून दाखवा, म्हणाला. या लोकांचा सगळा जीव कोपऱ्यांत असतो, कोपरा जरा झिजला की भाव पडतो. मला चुडाव्याला बहिणीकडं वास्तुशांतीला जायचं होतं. आल्यावर दाखवतो म्हटलं.

निघताना बायको म्हणाली, ‘‘जावा निवांत. पेटीची फिकीर करू नका, मी हाय ना.’’

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ज्या कागदाला किंमत, त्याला लॅमिनेशन. आधार कार्ड, जातीचा दाखला, दहावीची मार्कशीट, सगळं. माझ्या सासऱ्यांनी तर आमची लग्नपत्रिका लॅमिनेट करून ठेवली आहे. माझ्या कार्डांना मात्र बायकोनं इतक्या वर्षांत कधी साधं फडकं मारलं नव्हतं.

चुडाव्याहून आलो. चप्पल काढतोय तोवर ती पेटी घेऊन पुढं आली.

‘‘अवो, बघा तर. कपाटात कसर लागली हुती. कार्डं खाल्ली असती म्हंजी? मी सगळ्यांला लॅमिनेशन करून आणलं.’’

मी पेटी उघडली. सगळी कार्डं प्लास्टिकमध्ये चकाकत होती. त्या पोराचं सगळ्यात वर.

‘‘कोपरे टोचायलते,’’ ती म्हणाली, ‘‘ते बी गोल कापून घेतले. समोर उभी राहून.’’

अरे देवा! ओरडणारच होतो. पण तिचा चेहरा बघितला. एवढी खूश मी तिला कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. त्या दुकानात उभी राहिली म्हणून पोरांचे डबे उशिरा गेले म्हणे. तापानं फणफणली तरी डबा चुकवत नाही ती.

मी फोन घेऊन गच्चीवर गेलो.

पुण्याच्या माणसाला झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘अहो, काय केलंत हे? आता प्लास्टिक काढायला गेलात तर छपाईच निघून येईल. आणि कोपरे पण कापलेत?’’

‘‘मग आता काहीच नाही का?’’

‘‘आठवण म्हणून ठेवा, काका.’’

त्याचा काय दोष? मी टाकीला टेकून बसलो. रडू आलं ते पण नीट आलं नाही.

खाली आलो तर ती परातीशी बसली होती. हात कोपरापर्यंत पिठात.

‘‘काय म्हणला?’’

‘‘म्हणाला, इतक्यात विकू नका. अजून काही वर्षं ठेवा, भाव चढेल.’’

तिचा हात थांबला. ‘‘आन् लॅमिनेशनचं? त्याचं काय म्हणला?’’

‘‘चांगलं केलं म्हणाला.’’

ती हसली. पिठाच्याच हातानं तिनं पदर सारखा केला.

‘‘मग थांबू की,’’ ती म्हणाली. ‘‘कितीबी वर्षं थांबू. आता काय हुतंय त्यांला?’’

आणि भिंत धरून उठली, पिठाचा डबा काढायला. या वेळी मी बघत होतो तरी तिनं भिंत सोडली नाही.