पिराजीची धुरातली कणसं

बिदरजवळच्या कमठाण्याच्या आसपास कणसं भाजणारे चिक्कार होते. इस्तवावर कणीस धरलं, चार वेळा फिरवलं, करपलं तेवढं नखानं खरडलं नि खाल्लं. पण जमिनीत खड्डा करून, सालासकट, धुरावर कणसं मुरवावीत तर ती पिराजीनंच. ही कला त्याला बापाकडून मिळालेली. बाप चुन्याच्या भट्टीवर कामाला होता आणि भट्टीच्या तोंडाशी काय वाट्टेल ते भाजून खायचा.

पिराजी आदल्या रात्री कणसं पाण्यात बुडवून ठेवी. सकाळी गुडघाभर खड्डा काढी, बाभळीच्या लाकडाचे निखारे पाडी, त्यावर राखेचा पातळ थर देई. मग ओली कणसं एकाला एक लावून रची. वरून आंब्याचा अर्धवट सुकलेला पाला आणि ज्वारीची धसकटं, त्यावर भिजलेली पोती, आणि पोत्यांच्या कडेनं चिखल. तासाभरानं पोतं उचललं की धूर असा अंगावर यायचा की डोळे मिटावेच लागत. साल तपकिरी व्हायचं, आतला दाणा मात्र दुधाळ राहायचा आणि धूर त्यात पार मुरलेला असायचा.

त्या काळी उन्हाळ्यात हिरवा मका म्हणजे नवलाईच. किशनरावांच्या विहिरीला चैत्रातही पाणी असे, म्हणून ते चार सरी मका लावत आणि दरसाल पाहुण्यांना रानात जेवायला बोलावत. बिदरहून वकील, कारकून, सोयरेधायरे येत. आंब्याखाली सतरंज्या पडत. जेवण घरच्या बाया करत, कणसं मात्र पिराजीची. तो किशनरावांच्या रानात राबायचा, त्यांच्याच बांधाला त्याचं खोपट होतं.

पिराजीनं आणि त्याच्या भावकीनं धम्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव त्यांनी ओढ्यात सोडले होते. पण रानात रीत होती तीच राहिली. कणीस पाहुण्यांनी आपल्या हातानं सोलायचं. पिराजीचा हात सालाला लागलेला चाले, दाण्याला लागलेला चालत नसे. हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती. पिराजी खड्ड्यातून कणसं काढून पळसाच्या पानांवर ठेवी आणि मागं सरकून उभा राही.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात त्याची बायको सरुबाई तापानं अंथरुणाला खिळली होती. म्हणून सात वर्षांच्या सुभद्राला तो सोबत घेऊन गेला. पोरगी गुणाची. बापानं सांगितलं तिथं बसून राहिली, मधूनमधून पाला आणून देत राहिली.

पाहुण्यांत एका वकिलाची नात होती, सुभद्राच्याच वयाची. कणीस तिला सोलेना. चटका बसला की ती हात झटके आणि पुन्हा धरे. मोठी माणसं बोलण्यात होती. सुभद्रा उठली, तिनं ते कणीस घेतलं, भराभरा साल ओढलं, केस काढले, फुंकर घातली आणि तिच्या हातात दिलं. दोघी हसल्या. नातीनं दोन घास खाल्लेही. तेवढ्यात तिच्या आजीचं लक्ष गेलं. आजीनं कणीस हिसकून बांधापलीकडं फेकलं आणि पोरीच्या तोंडात बोट घालून दाणे काढायला लागली. नात भोकाड पसरून रडायला लागली.

किशनराव उठलेसुद्धा नाहीत. आवाज न चढवता म्हणाले, "पिराजी, पोरगी तुझी हाय. काय ते तूच बघ."

पुढं आयुष्यभर पिराजी हे वाक्य उलटंपालटं करून बघत राहिला. मारायला कुणी सांगितलं होतं? मान खाली घालून पोरीला घेऊन गेला असता, तरी चाललं असतं कदाचित. पण त्या वेळी त्याला एवढंच दिसलं की सतरंजीवरची सगळी माणसं त्याच्याकडं बघायलीत. त्यानं सुभद्राला एक थोबाडीत मारली. दुसरी मारायची काही गरज नव्हती, तीही मारली. पोरगी मागं सरकली, ओल्या पोत्यावरनं तिचा पाय घसरला, आणि उजवा हात कोपरापर्यंत उघड्या खड्ड्यात गेला.

तिच्या किंकाळीनं आंब्यावरची पाखरं उडाली. किशनरावांची बायको सत्यभामाबाई तांब्याची घागर घेऊन पळत आली, पण चार हातांवर येऊन तिचे पाय थांबले. तिथूनच तिनं पाणी फेकलं. निम्मं मातीत सांडलं. पिराजीनं पोरीचा हात कणसं भिजवलेल्या खळग्यात बुडवला. त्या पाण्यात माती होती, पाला होता. दुसरं पाणी जवळ नव्हतं आणि विहिरीला शिवायची त्याला मुभा नव्हती.

बिदरला न्यायला गाडी किशनरावांनीच दिली. बैलही चांगले दिले. तरी जखम चिघळली. दोन महिने पोरगी तापात बरळली, आणि हात बरा झाला तेव्हा तीन बोटं तळव्याला चिकटून गेली होती.

पुढच्या चैत्रात बोलावणं आलं.

सरुबाई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "जायलाव का?"

"न्हाई म्हनून कसं जमंल?" पिराजी म्हणाला. "त्यांच्या बांधाला ऱ्हातोय आपण."

"मी जमतंय का इचारलं न्हाई. जायलाव का इचारलं."

तो गेला. सरुबाईनं त्यानंतर तो विषय काढला नाही. सुभद्रा दारात बसून बापाला फावडं खांद्यावर टाकून जाताना बघत होती. असे तो आठ उन्हाळे गेला. कणसं पहिल्यासारखीच उतरत होती, पाहुणे पहिल्यासारखेच वाहवा करत होते.

आठव्या उन्हाळ्यानंतर तो अंगात बळ येऊन थांबला, असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं घडलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात किशनरावांची विहीर आटली, मका बंद झाला, जेवणावळी बंद झाल्या. पिराजी, सरुबाई आणि सुभद्रा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. सुभद्रा डाव्या हातानं हातोडा मारायची. त्याच कामावर सरुबाईला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली. शेवटच्या दिवशी ती लेकीशी बोलली, नवऱ्याशी बोलली नाही.

मग पिराजी लेकीला घेऊन मन्नाएखेळ्ळीला आला. हैदराबाद-सोलापूरच्या रस्त्यावर तिथं गाड्या थांबायच्या. हावगेप्पा नावाच्या माणसाचं चहाचं दुकान होतं. त्यानं दुकानाच्या अंगाला जागा दिली. "इल्ली कूड्रो, अण्णा," म्हणाला. म्हणजे, इथंच बस. जात विचारली नाही, किंवा कळूनही बोलला नाही.

पहिल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्यानं दक्खनीत हुकूम सोडला, "छील के दे रे चाचा, जल्दी." पिराजीनं कणीस सोललं. मीठ-मिरचीत लिंबाची फोड बुडवून दाण्यांवर चोळली. ट्रकवाल्यानं त्याच्या हातातनं घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. पिराजी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. आनंद व्हायला हवा होता. पण सात वर्षांच्या पोरीनं एवढंच तर केलं होतं, हे त्याच्या मनात आलं.

सुभद्राला बघायला दोन स्थळं आली. हात बघून चहा न पिता उठली. तिसरं भालकीचं. बिजवर, पदरात दोन लेकरं. तिथं दिली. माणूस वाईट नव्हता, पण सात वर्षांत तोही छातीच्या दुखण्यानं गेला. सावत्र लेकरं त्यांच्या काकांनी ठेवून घेतली. सुभद्रा बिदरला आली, तिथल्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात पोती शिवायच्या कामाला लागली. सुतळी दाताखाली धरायची आणि डाव्या हातानं टाका घालायची.

महिन्यातून एकदा ती बसनं बापाकडं यायची. त्याचं अंगण झाडायची, भाकरी करून द्यायची. कणसाला मात्र कधी हात लावला नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पिराजीचा खोकला फार वाढला. पंचवीस-तीस वर्षांचा धूर छातीत बसला होता. दुपारची वेळ, रस्त्यावर गाड्या नव्हत्या. हावगेप्पा दुकानात लवंडला होता. सुभद्रा बापाची छाती तेलानं चोळत होती, त्या आखडलेल्या हाताच्या मनगटानं.

पिराजी म्हणाला, "सुभे, त्या दिशी म्या मारायला नको होतं."

ती चोळत राहिली.

"त्यांनी मारा म्हनलं न्हवतं," तो म्हणाला. "म्याच मारलं. भ्यालो होतो."

"अप्पा, मार मला आठवत न्हाई," सुभद्रा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "खरंच न्हाई आठवत. इस्तू आठवतोय, पन मार न्हाई. दुसऱ्या साली तुमी फावडं घेऊन गेलाव, ते आठवतंय. मला वाटलं, आता माघारी फिरतील. वळणापतूर बघत बसले."

पिराजीनं तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तेव्हा हुमनाबादकडची बस येऊन थांबली होती आणि माणसं उतरत होती. सुभद्रानं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय."

तो उठला. पोतं उचललं, धूर अंगावर घेतला आणि एकेकाला सोलून द्यायला लागला. बस जाईपर्यंत सुभद्रा मागची भांडी घासून मोकळी झाली होती. तिनं पिशवी घेतली, बिदरची गाडी धरली. पुढच्या महिन्यातही आली. त्याच्या पुढच्याही. पण ते बोलणं दोघांनी पुन्हा काढलं नाही.

दोन वर्षांनी वैशाखात पिराजी बिदरच्या दवाखान्यात वारला. सुभद्रानं गोदामातून तीन दिवसांची सुट्टी काढली. भावकीतल्या चार माणसांनी वंदना म्हटली. हावगेप्पा आला होता. तो म्हणाला, "अक्का, जागा हाय तशीच हाय. बसायचं तर बस. लोक इचारायलेत धुरातल्या कणसाला."

"मला येत न्हाई, अण्णा," सुभद्रा म्हणाली.

तिला येत होतं. खड्डा किती खोल, राख किती जाड, पोतं कधी उचलायचं, सगळं तिनं लहानपणीच बघून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती कोळारच्या गोदामाच्या फाटकाशी हजेरीच्या रांगेत उभी होती.