परातेसरांची तापलेली सळी

समजा, हातभर लांब लोखंडी सळी आहे. सगळीकडे सारखी, शंभर अंशांपर्यंत तापवलेली. तिची दोन्ही टोकं एकाच वेळी बर्फावर टेकवली. त्या पहिल्या क्षणी सळीच्या मधोमध तापमान किती? पेन उचलू नका. गणित मागाहून. आधी अंदाज सांगा.

शंभरच ना? बर्फाचा गारवा मधल्या भागापर्यंत पोचायला वेळ लागणारच. एवढं सांगायला फूरिए श्रेणीची न संपणारी बेरीज लागत नाही. पण एमएस्सीच्या पहिल्या सत्रात आम्ही ती श्रेणी पाठ करतो आणि हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. जागेश्वर पराते सर विचारायला लागले, तेही यंदापासून.

सर तांडापेठेतल्या विणकराच्या घरचे. वडील धोंडबा मागावर लुगडी विणायचे. माग विकला तेव्हा सर बारावीत होते. गेली नऊ वर्षं ते तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे दरवर्षी नव्याने मुलाखत, आणि आदेश निघायच्या आधीच तास सुरू. यंदा आमचे तास ऑगस्टात सुरू झाले आणि निवड समिती सप्टेंबरात बसली. गणितीय भौतिकशास्त्र शिकवायला जागा एक, उमेदवार तीन. प्रत्येकाने आमच्याच वर्गावर शिकवून दाखवायचं होतं.

सरांनी सळीचा प्रश्न निवडला, कारण विषयतज्ज्ञ म्हणून मधुकरराव येणार होते. ते सरांचे गुरू. सळीचं गणित त्यांच्याच नोट्समधलं; त्या हस्तलिखित नोट्सच्या झेरॉक्सवर कित्येक बॅचेस पास झाल्या आहेत. पायऱ्या क्रमाने उतरवायच्या, पायरीगणिक मार्क घ्यायचे. सरही त्याच पायऱ्या शिकवत आले होते.

समितीसमोरसुद्धा सरांनी आपला नवा नियम सोडला नाही. "समासात अंदाज लिहा," म्हणाले. मग खडू उचलला. अकरा पायऱ्या, एकदाही कागदात न पाहता. शेवटी श्रेणी आली आणि तिच्यापुढे गुणक: सुरुवातीचं तापमान, गुणिले दोन भागिले पाय. मधुकररावांनी मान डोलावली. प्राचार्या मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं.

तेवढ्यात पायलने हात वर केला. ती खापरखेड्याहून बसने येते, पहिल्या बाकावर बसते. मी आणि वैभव तिच्या मागे. वैभव कुजबुजला, "काहून वं, आज तरी चूप बस ना! सरची नोकरी खाशील."

तिने हात खाली घेतला नाही.

"सर, मी वेळ शून्य धरून मधोमधचं काढून पाहिलं. एक वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश... ती बेरीज पाय भागिले चार होते. आपल्या गुणकानं गुणलं तर पन्नास येऊन राहिले. अंदाज तर शंभर होता."

"म्हणजे बर्फ लावताबरोबर सळी अर्धी थंड!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

ते फळ्याकडे वळले आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा वाचू लागले. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती, आणि शर्टावर पसरत चाललेला घाम.

"पराते, वेळ होत आहे," मधुकरराव म्हणाले. "उत्तराला चौकट करा."

चौकट केली की तास संपला असता. 'नंतर भेट' म्हटलं असतं तर पायलही गप्प बसली असती. सरांनी खडू उत्तराजवळ नेलासुद्धा. मग हात वर, सातव्या पायरीपाशी गेला.

"इथे," ते म्हणाले. "एक वजा कोसाइन एनपाय. एन विषम असला की याची किंमत दोन. आपण एक धरली. गुणकात चार पाहिजे." त्यांनी बोटानेच दोनचा आकडा पुसला. "पायल बरोबर आहे. मी नऊ वर्षं चूक शिकवून राहिलो."

नोट्सचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती, आमच्या निम्म्या बाकांवर ती झेरॉक्स उघडी पडली होती. मधुकररावांनी चष्मा काढला. "बघावं लागेल," एवढंच म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

आठवड्याने यादी लागली. जागा तिघांपैकी गिरिधर सरांना मिळाली. परातेसरांकडे प्रॅक्टिकलचे तास राहिले. यामागे तो चार होता की आणखी काही, हे कुणी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही.

प्रयोगशाळेत पायल त्यांना म्हणाली, "गिरिधर सरांनी काल दोनच लिहून दिला. पेपरात मी काय लिहू?"

"चार."

"अन् मार्क कापले तर?"

सर स्क्रू गेज हातात घेऊन उगाच फिरवत राहिले.

"मीपण नऊ वर्षं पेपर तपासले ना वं," ते म्हणाले. "त्या उत्तरपत्रिका तर कवाच्याच रद्दीत गेल्या. किती पोरायनं चार लिहिला असंल, अन् मी त्याच्यावर लाल रेघ मारली असंल?"