वरून आलेलं फर्मान

पडदा वर जातो. रिकामं नाट्यगृह, रंगमंचावर एकच पिवळा दिवा, आणि विंगेमागच्या खोलीतून स्टोव्हची फरफर. त्या खोलीत आमचे पडदेमामा आणि मामी राहत. मी राजा होऊन मिरवलो, फर्मानं सोडली, टाळ्या घेतल्या. पण मामांनी दोरीला हात घातल्याशिवाय माझं राज्य सुरू होत नसे. आणि कुणी नुसतं "ओढा" म्हटलं तर मामा ओढत नसत. "कोण म्हणालं? तुझ्यासमोर म्हणालं?" नटमंडळी नुसती धुमसत.

त्या दुपारी मी गप्पा मारायला गेलो होतो. तेवढ्यात नाट्यगृहाच्या कचेरीतला कारकून आला.

"मामा, वरून फर्मान आलंय. उद्यापर्यंत खोली रिकामी करा."

मामींच्या हातातली कपबशी तशीच राहिली. या खोलीखेरीज त्या दोघांना दुसरं छप्पर नव्हतं.

मामांनी डोळे बारीक केले. "राजेसाहेब, हा 'फर्मान' शब्द तुमच्या तोंडी ऐकलाय. नाहीतर हिच्या."

"माझ्या?" मामी उसळल्या.

"तू रोज सोडतेस. पण कचेरीत आदेश असतो. फर्मान तिथेही म्हणतात, पण साहेबाच्या पाठीमागे, हसत. हा हसत नाहीये."

"अहो, शब्द कसले चिवडताय! सामान बांधू की नको?"

"थांब गं." मामा कारकुनाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "कोण म्हणालं?"

"हेडक्लार्क. साहेबांचा हुकूम आहे म्हणाले."

"म्हणजे हुकूम होता. फर्मान तू केलंस?"

"तसं म्हटलं की लोक पटकन हलतात, मामा."

"आणि साहेब हेडक्लार्कला बोलले, तेव्हा तू कुठे होतास?"

कारकून घुटमळला. "तिथेच. फाइल घेऊन."

"मग त्यांचं वाक्य बोल. त्यांचं. तुझं नको."

"म्हणाले... जुने पडदे ठेवायला जागा नाही, मागची खोली मिळते का बघा."

मला हसू फुटलं. मामींनी कपबशी खाली ठेवली. मामा मात्र अजूनही त्याच्याकडे रोखून बघत होते, खिशात आणखी काही लपवलंय की काय अशा नजरेनं.

"बघा म्हणाले ना? बघितलं. नाही मिळत. जा, साहेबांना सांग. आणि वाटेत हेडक्लार्क भेटला तर त्याच्याजवळ बोलू नकोस."