नंदूने ती तार घातली नव्हती

नंदूला त्या गाडीवर परत मीच बसवलं.

आज वर्ष झालं. लालबागच्या नाक्यावर त्याचा हसरा फोटो लागलाय, खाली 'रुग्णसेवेचा शूर शिलेदार'. कसला शिलेदार, चाळीतल्या मांजराला घाबरायचा तो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.
नंदू माझा बालमित्र, एकाच मजल्यावरचा. आठवडाभर एका साहेबांची गाडी चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या मंडळाची ॲम्ब्युलन्स. फुकट. वर पेशंटच्या नातेवाइकांना चहा पाजायचा.

मी मंडळाचा सहचिटणीस. आप्पा अध्यक्ष.
माझे वडील गेल्यावर मला हाताला धरून मंडळात आणलं ते आप्पांनी. त्यांना मी कधी उलटून विचारलं नाही.

गाडी जुनी होती. सायरन, एसी, पेशंटची मशीन, सगळं त्याच जुन्या वायरिंगवर लादलेलं. सगळं एकदम चालू केलं की डॅशबोर्डमागून जळका वास यायचा आणि फ्यूज उडायचा.
सारखी कटकट नको म्हणून आप्पांनी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडून फ्यूजच्या जागी जाडी तार बसवून घेतली.

नंदूने त्या तारेचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, 'ही कोणी घातली?' आणि लगेच फोन केला.
"मेल्या, फ्यूज उडतो म्हणजे गाडी सांगते, थांब. ह्यांनी तिचं तोंडच बांधून ठेवलंय. मी नाय चालवणार."

चावी मंडळाच्या टेबलावर ठेवून तो घरी गेला.

मी आप्पांशी भांडलो. हो, भांडलो, एवढं तरी लिहू द्या मला.
गाडी आठ दिवस गॅरेजला गेली. परत आली ती नुसती चकाचक. नवा रंग, नवे पट्टे, दोन्ही बाजूंना देणगीदारांची नावं.
वायरिंगचं विचारलं तर आप्पांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सगळं नवीन टाकून घेतलंय, सांग तुझ्या मित्राला, बिनधास्त चालव.

मी सांगितलं.
नंदूने एकदाच विचारलं, "नक्की?"
मी म्हटलं, आप्पा स्वतः बोललेत.
त्याने चावी उचलली.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, परळच्या पुलाखाली चालत्या गाडीत डॅशबोर्डमधून धूर यायला लागला. मागे एक आजी आणि त्यांचा मुलगा.
नंदूने गाडी कडेला घेतली. मुलाला हाताशी घेऊन आजींचं स्ट्रेचर बाहेर ओढलं, लांब फुटपाथवर नेलं. मग ऑक्सिजनचा सिलिंडर काढायला परत आत चढला, कारण बाजूच्या बसस्टॉपवर माणसं उभी होती.
तो बाहेर आलाच नाही.

आजी आज ठणठणीत आहेत. हे सगळं मला त्यांच्या मुलाने सांगितलं.

तेराव्याच्या आधीच आप्पांनी एक पत्र पुढे केलं. म्हणाले, पोलिसांना द्यायचंय, फॉर्मॅलिटी आहे. माझे डोळे भरलेले, अक्षर दिसत नव्हतं, आणि समोर आप्पा.
केली सही.

गेल्या रविवारी वैशाली वहिनींनी, म्हणजे नंदूच्या बायकोने, घरी बोलावलं. त्यांच्या वकिलाने केसचे कागद काढले होते. त्यातलं ते पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं.
लिहिलं होतं की ड्रायव्हरने मंडळाला न विचारता, परस्पर, फ्यूजच्या जागी तार घातली.

"भाऊजी, ही सही तुमचीच ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि परत कागदांत ठेवलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

तिथून सरळ गॅरेजला गेलो. गॅरेजवाल्याला काही लपवायचं नव्हतं. त्याला फक्त कलर आणि नावं सांगितली होती. डॅशबोर्ड त्याने खोललाच नव्हता.

मग आप्पांकडे. मला वाटलं होतं, निदान मान खाली घालतील.
शांतपणे म्हणाले, "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो रे? मंडळ टिकलं पाहिजे. नवीन गाडीला त्याचं नाव देतोय ना आपण."

आप्पा, तुम्ही ही पोस्ट वाचणार, मला माहितीये. मी तुम्हाला बापाच्या जागी मानलं. माझ्याच तोंडून तुम्ही माझ्या मित्राला खोटं सांगितलंत, आणि तो गेल्यावर माझ्याच हाताने त्याच्यावर आळ घातलात. याला माझ्याकडे माफी नाही.

आज पाच वाजता नव्या ॲम्ब्युलन्सचं उद्घाटन आहे. नारळ मी फोडायचा ठरलंय.
मी येणार नाही.

नंदू, सकाळी पोलीस स्टेशनला जाऊन आलो. नवीन जबाब दिला, तारेचा फोटो दिला, तुझा मेसेजही दिला. हवालदार म्हणाले, सही करा.
दोनदा वाचला, नंदू. मग केली.

लोक तुला आज फुलं वाहतील. माझ्याकडून फक्त माफी. जमलं तर घे.