नागपूरला जाऊन आलेली बाई

आगगाडीच्या वेगाचे कौतुक कोणी केले की माझे डोके तापते. त्याला कारण कल्याण स्टेशनात भेटलेली एक म्हातारी. तिचे नावही मला ठाऊक नाही.

गाडीची वाट पाहताना माझा वकील स्नेही सांगत होता, बैलगाडीने महिना खाणारे नागपूर आता दीड दिवसावर आले. शेजारी खाली बसून म्हातारी एका कोऱ्या हिरव्या लुगड्याची घडी पुन्हा पुन्हा मोडून नव्याने करत होती. ती एकदम उसळली.

"मला काय सांगता? आत्ताच तिथून येतेय. लेकीला माहेरपणाला आणायला गेले होते. ओटीवरूनच परत पाठवलं. म्हणाले, मुऱ्हाळी म्हणून बाप नाहीतर भाऊ यावा, बाई कशी आली? तिचा बाप मेला, भाऊ झालाच नाही. कोणाला पाठवू?"

"रीतच आहे ती, आजी," स्नेही म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावी असे मला वाटले.

"आत लेक रडत होती, मला ऐकू येत होतं." म्हातारीने लुगड्यावर मूठ आपटली. "नागपूर दीड दिवसावर आलं, रावसाहेब. ओटीवरून माजघरात जायला किती दिवस लागतात, तेवढं सांगा."

स्नेह्याने खिशातले घड्याळ काढून पाहिले.