बुडखा की शेंडा

चिंचोळी एमआयडीसीतून माल उचलायचा आणि फोन सांगेल तिथे पोचवायचा, हे काम अजिनाथ अकरा वर्षे करतोय. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या खोलीपासून एमआयडीसीचा रस्ता त्याला पाठ असायला हवा. तरी पिकअपमध्ये बसला की तो आधी फोन स्टँडला लावतो. बायको सुकन्या म्हणते, यांना मोरीची वाटसुद्धा फोनच दाखवील.

हाच अजिनाथ लहानपणी सांगोल्याहून मेंढरांमागे चार-चार तालुके चालला होता. पुढे वडील येडू मेंढरे घेऊन जात. मागून घोड्यावर बिऱ्हाड लादून आई अंबुबाई आणि तो येत. फाटा आला की येडू लिंबाची डहाळी मोडून रस्त्यात ठेवत आणि वर दगड. ती बघून मागच्यांनी वळायचे. सगळ्यात शेवटच्याने ती उचलून फेकायची, म्हणजे दुसरा कळप चुकायला नको. ते काम अजिनाथचे. त्याची एकही डहाळी कधी चुकली नव्हती.

आई-वडील अजूनही मेंढरांमागेच होते. गेल्या फेब्रुवारीत सकाळी दहाला अनोळखी नंबरवरून येडूंचा फोन आला. "तुजी आई पडली. खुबा मोडलाय वाटतंय, हलता येईना. गाडी घिऊन ये."

करकंबच्या पुढे कालव्यापासून आत, फाट्याफाट्याला डहाळी ठेवतो, एवढे सांगून त्यांनी फोन ज्याचा होता त्याला परत दिला. अजिनाथने लोकेशन मागायला पुन्हा लावला, तर तो माणूस मोटारसायकलवरून पार पुढे निघून गेला होता.

करकंबपर्यंत फोनने बिनचूक आणले. पुढे टाकायला नावच नव्हते. कालवा ओलांडला की दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. पहिल्याच फाट्यावर डहाळी दिसली, दगडाखाली, पाने अजून हिरवी. तो उतरून तिच्यासमोर उभा राहिला. मोडलेला बुडखा डावीकडे, शेंडा उजवीकडे. वाट बुडख्याकडची की शेंड्याकडची, ते त्याला आठवेना.

त्याने डोळे मिटले. आईच्या हातातली घोड्याची दोरी आठवली, तिच्या पायातल्या जाड वहाणा आठवल्या. डहाळीही आठवली, पण ती कुठे वळलेली ते दिसेना. फोनवर निळा ठिपका फाट्यावर थांबला होता. शेवटी, बाण टोकाकडेच दाखवतो, असा विचार करून तो उजवीकडे वळला. पुढच्या फाट्यावर डहाळी नव्हती. उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली असेल, म्हणून तो तसाच पुढे गेला. त्याच्या पुढच्या फाट्यावरही नव्हती. रस्ता उसात संपला, तेव्हा तो माघारी फिरला.

पोचायला तीन वाजले. अंबुबाई बाभळीखाली घोंगड्यावर पडून होती. सावली केव्हाच सरकली होती. ओठ चावून चावून फुटले होते.

"वाट लई लांब पडली का रं?" तिने विचारले.

"व्हय आये," तो म्हणाला.

घोंगड्यासकट तिला उचलून पिकअपच्या हौद्यात ठेवले. उशाशी येडू बसले. कालव्याजवळचा पहिला फाटा आला तशी त्यांनी केबिनवर थाप मारली. खाली उतरले. धुळीत उजवीकडे गेलेल्या आणि परत आलेल्या चाकांच्या खुणा अजून ताज्या होत्या. त्यांनी त्या बराच वेळ पाहिल्या.

"बुडख्याकडं जायाचं असतंय," ते म्हणाले. मग दगड सारून स्वतःच डहाळी उचलली आणि उसात फेकली.

अजिनाथचे हात स्टिअरिंगवरच होते. हौद्यातून आईचा कण्हण्याचा आवाज येत होता. फोनमध्ये सोलापूरच्या दवाखान्याचे नाव टाकलेले होते. पुढे कुठे वळायचे ते त्यातली बाई सांगेपर्यंत तो गिअर धरून थांबला.