फळ्यांखालचा हौद

पहिलीच्या वर्गाची जमीन पोकळ वाजायची. वर्ग चर्चच्या दालनातच होता, आणि फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद होता. आठवडाभर त्यावर वर्ग भरे, आणि कुणाला बाप्तिस्मा द्यायचा असला की बाकं सरकवून फळ्या उचलत. "पाय हळू टाका रे, खाली हौद आहे," असं मोठ्या बाई सव्वीस वर्षं पोरांना सांगत आल्या होत्या. त्या स्वतः मात्र त्यात कधी उतरल्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा दुसऱ्या पंथाच्या मंडळीत, तान्ह्या असताना, कपाळावर पाणी शिंपडून झालेला. चर्चच्या जुन्या पाळकांना त्याचं काही वाटलं नाही. पोरं वाचायला शिकत होती, तेवढं त्यांना पुरे होतं.

नवे पाळक आले ते सोवळ्याच्या वरताण. म्हणाले, "आमच्यात शिंपडलेलं चालत नाही, बाई. समजून-उमजून, पूर्ण बुडून घेतला तोच बाप्तिस्मा. यापुढे वर्ग शिकवायला आमच्या मंडळीच्या सभासदालाच मिळेल."

धाकटी बहीण भडकली. "म्हणजे आईनं तुझं नुसतं तोंड धुतलं होतं का गं?"

बाईंना हसू आलं नाही. नवरा नव्हता, मूल नव्हतं. होती ती दरवर्षीची नवी तीस पोरं. ती गेली तर उरलं काय? त्या तयार झाल्या.

रविवारी पांढरा झगा घालून, गुडघे धरत, त्या स्वतःच्या टेबलाच्या जागेवरून खाली उतरल्या.

"आधीचा बाप्तिस्मा खरा नव्हता, मान्य?" पाळकांनी विचारलं.

आई डोळ्यांपुढे आली. "मान्य," त्या म्हणाल्या. नाकातोंडात पाणी गेलं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

सोमवारी त्यांच्या खुर्चीत पाळकांची मेहुणी बसली होती.

"नियम दोन वर्षं जुन्या सभासदाचा आहे," पाळक मऊ आवाजात म्हणाले. "तुमचा बाप्तिस्मा कालचा. आमच्या लेखी तुम्ही अजून तान्ह्या."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

या माणसानं पहिल्या दिवसापासून आपल्याला पाण्यात पाहिलं, आणि ते कळलं पाण्यात उतरल्यावर! बाईंनी पिशवी उचलली आणि फळ्यांवरून दाणदाण पाय आपटत निघाल्या.

"बाई, हळू," पहिल्या बाकावरची पोरगी घाबरून म्हणाली. "खाली हौद आहे ना!"

"माहीत आहे, बाळा," बाई म्हणाल्या. "जाऊन आले."